लोण्याचे कान

मोहरकीचा घोडा म्हणजे काय, हे मला आयुष्यभर लोकांना समजावून सांगावं लागलं आहे, आणि समजावून सांगायला माझी कधीच ना नव्हती. या घोड्यावर कोणी बसत नाही. तो शर्यतीत पळत नाही, गाडी ओढत नाही. त्याच्या तोंडावर मोहरकी, म्हणजे बिनलगामाचे पट्टे, चढवायची, दोरी हातात धरायची आणि घोड्यांच्या प्रदर्शनात परीक्षकापुढे त्याला नुसतं उभं करायचं. चारही पाय चौरस, मान पुढे, कान टवकारलेले. परीक्षक भोवती फिरतो, खांदा बघतो, पुठ्ठा बघतो, गुडघे बघतो. तेवढा वेळ घोड्याने हलायचं नाही. आमचा किराणा दुकानदार म्हणतो, "म्हणजे तो काहीच करत नाही आणि त्याला गिऱ्हाईक मिळतं?" मी म्हणतो, "तुम्ही दिवसभर गल्ल्यावर बसून वेगळं काय करता?"

हा दुकानदार हल्ली मी आत शिरलो की फोन कानाला लावतो. फोन वाजलेला नसतो. गावात मला 'रेडिओ' म्हणतात हे मला ठाऊक आहे, कारण ते नाव ठेवलं आमच्या हिनेच. पण ती निदान ऐकायची. भाजी चिरता चिरता, भांडी पुसता पुसता, मधूनमधून "हं" म्हणायची. ती गेली आणि घरातलं "हं" गेलं. मुलगी दूरच्या शहरात असते. रविवारी फोन करते, मनापासून करते, पण सुरुवातीलाच म्हणते, "बाबा, थोडक्यात सांगा हं." थोडक्यात सांगायचं असतं तर मी पोस्टकार्ड नसतं का टाकलं?

घरात बोलायला माणूस नसलं की काय होतं, ते ज्याच्यावर आलंय त्यालाच कळतं. स्वयंपाकघरात एखादं झाकण पडलं तरी बरं वाटतं. मी तबेल्यात जास्त वेळ काढू लागलो, आणि तबेल्यात तेव्हा उरला होता एकटा लोण्या.

लोण्या हे आमच्याकडचं शेवटचं शिंगरू. तांबूस अंग, काळी आयाळ, आणि कातडी अशी की हात ठेवला तर घसरावा. तो जन्मला तेव्हा हिने त्याला आमच्या जुन्या चादरीने पुसून काढला होता आणि नावही तिनेच ठेवलं. तो मोठा झाला, मी त्याला अंगणात रोज उभं राहायला शिकवलं, खरारा केला, आणि हे सगळं करताना तोंडाचा पट्टा चालूच. दूध उतू गेलं, ते सांगितलं. शेजाऱ्याने कुंपण माझ्या बाजूला सरकवलं, ते सांगितलं. हिच्या शेवटच्या महिन्यात दवाखान्याच्या बाकावर बसून मला काय काय वाटलं, जे मी मुलीलासुद्धा बोललो नाही, तेही त्याला सांगितलं. तो दोन्ही कान माझ्याकडे करून ऐकायचा.

मग विकायला कशाला काढलात, असं कोणी विचारलं नाही, पण सांगतो. माझे गुडघे गेले. रिंगणात घोड्याबरोबर धावत जाऊन त्याला उभं करायचं असतं, ते मला जमेना. आणि मोहरकीचा घोडा ऐन भरात रिंगणात दिसला नाही तर पुढे त्याला कुत्रं विचारत नाही. माझ्या अंगणात मला गोष्टी सांगायला हवा म्हणून त्याचं आयुष्य वाया घालवायचं, हे मला पटत नव्हतं. रात्री अंथरुणावर पडलं की पटायचं, सकाळी उठलं की पुन्हा पटायचं नाही.

गिऱ्हाइकं आली तशी गेलीही. निम्मे सौदे तुम्ही बोलूनच घालवता, असं ही म्हणायची, ते खोटं नव्हतं. मी घोड्याच्या आजीपासून सुरुवात करतो आणि माणूस मध्येच घड्याळ बघतो.

शेवटी आली ती दातांची डॉक्टर. जवळच्या शहरातली, चाळिशीच्या आतबाहेरची, पायात कोरे करकरीत रबरी बूट. गाडीतून उतरली, मान डोलावली, आणि सरळ जाऊन लोण्याचा ओठ वर केला.

"डॉक्टरबाई, तो विकायचा आहे. कवळी बसवायला नाही आणलेला," मी म्हणालो.

ती हसली नाही. तिने दात बघितले, ओठ खाली सोडला आणि म्हणाली, "हं."

कितीतरी दिवसांनी माझ्या अंगणात कोणी "हं" म्हणालं होतं. मी तिला तिथल्या तिथे घोडा देऊन टाकला असता. बाई बोलायची नाही म्हणजे नाहीच. तिच्या धंद्यात समोरचा माणूस आ करून बसलेला, त्याला बोलता येत नाही आणि हिला बोलायचं नाही, म्हणजे त्या खोलीत काय शांतता असेल याचा मी विचारच करत राहिलो.

मी लोण्याला अंगणात उभं केलं. त्याची चंदी काय, खुरांना तेल कधी लावायचं, थंडीत पाणी कसं कोमट करून द्यायचं, हे सांगत गेलो. ती त्याच्याभोवती फिरत होती, वाकून बघत होती, लांब जाऊन बघत होती. लोण्याने पापणीसुद्धा हलवली नाही. मला असा अभिमान वाटला म्हणून सांगू!

"घेते," ती म्हणाली.

एवढ्यावर गप्प बसेन तर मी कसला! मी छाती फुगवून म्हणालो, "पुढच्या प्रदर्शनापर्यंत ठेवा. रिंगणात उभा राहिला तर तुमचा. हलला तर मी स्वतः येऊन परत घेऊन जाईन आणि वर चकार शब्द काढणार नाही."

तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

आमच्या धंद्यात हे बोलणं जरा जास्तच होतं. परत आलेला घोडा म्हणजे डाग लागलेला घोडा. बाजारात जो तो विचारतो, परत का आला? मग त्याच्यात नसलेले दोष दिसायला लागतात, आणि शेवटी त्याला घेतो तो कसाई, तो खांदा-पुठ्ठा बघत नाही, वजन बघतो. पण माझी खात्री होती. इतकी वर्षं घोडे उभे केलेला माझा हात होता तो.

तिची गाडी लोण्याला घेऊन वळणाआड गेली. मी फाटक लावलं. संध्याकाळी सवयीने दोन बादल्या भरल्या, एक उचलून त्याच्या जागेपाशी नेली आणि तिथे बादली हातात धरून उभा राहिलो. मोकळ्या तबेल्यात माणसाचा आवाज फार मोठा होतो. मी एकच वाक्य बोललो आणि गप्प झालो. त्या रात्री मी जेवलो नाही, कारण एकट्यासाठी ताट घेणं मला त्या दिवशी अगदी नको झालं.

काही दिवसांनी तिचा फोन आला. "काका, हा उभा राहत नाही."

"असं कसं? दोरी ढिली ठेवली का?"

"हो."

"आधी मागचे पाय नीट करायचे, मग पुढचे."

"केलं. क्षणभर राहतो, मग एक पाय ढिला सोडतो आणि इकडेतिकडे बघतो. साखर दिली. हिरवं गवत दाखवलं. काही नाही." तिच्या मानाने हे भाषणच होतं.

"आत्ता जवळ आहे का तो? मग फोन मोठ्या आवाजावर ठेवा आणि मी सांगतो तसं करा," मी म्हणालो. आणि सांगायला लागलो. सांगता सांगता गवतवाल्यावर घसरलो, कारण त्याने त्या दिवशी मला ओल्या पेंढ्या देऊन गंडवलं होतं, आणि त्याच्या बापानेही मला असंच गंडवलं होतं. मग माझ्याच लक्षात आलं. "जाऊ दे. तर मी काय म्हणत होतो..."

"थांबू नका," ती म्हणाली.

"काय?"

"बोला काका. गवतवाल्याचं बोला. तो उभा राहिलाय."

मी बोललो. घशाला कोरड पडली तरी बोललो. पलीकडून ती हळू आवाजात सांगत होती, चारही पाय चौरस आहेत, कान फोनकडे आहेत. मी थांबलो की लोण्या पाय ढिला सोडायचा, बोललो की पुन्हा ताठ.

फोन ठेवल्यावर मी पायरीवर बसून राहिलो. दोरीवरचा माझा हात, खांद्याने करायची बारीकशी खूण, ज्या विद्येचा मी गावभर डांगोरा पिटला, त्यातलं लोण्याला काही ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, मी त्याला उभं करून मग बोलतोय. तो बिचारा मी बोलतोय म्हणून उभा राहत होता. माझ्या हातून असा घोडा तयार झाला होता जो फक्त माझ्या बडबडीवर उभा राहतो. आणि तसा घोडा मी एका मुक्या बाईला विकला होता.

त्यानंतर रोज संध्याकाळी फोन. खरं सांगतो, ते माझे फार चांगले दिवस होते. मी दुपारपासून काय सांगायचं ते ठरवायचो. फोनवर कोणाला दिसतंय म्हणा, पण मी दाढीसुद्धा करायचो. घोड्याला सांगतोय असं दाखवून मी त्या बाईला सांगायचो. हिच्याबद्दल सांगितलं, मुलीच्या 'थोडक्यात'बद्दल सांगितलं, दवाखान्यातल्या त्या बाकाबद्दलही सांगितलं. मधूनच तिकडून "हं" यायचं, आणि ते घोड्याचं नव्हतं.

रिंगणात फोन नेता येत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तो विषय तिने काढला.

"काका, मलाच बोलावं लागणार त्याच्याशी."

"मग बोला की."

"मला येत नाही बोलता."

"त्यात काय यायचंय? सकाळपासून काय झालं ते सांगा त्याला."

ती म्हणाली, "उठले. दवाखान्यात गेले. घरी आले."

"वा! यावर घोडा सोडा, माशीसुद्धा टिकणार नाही."

मग मी तिला बोलायला शिकवलं. दाढ काढली म्हणजे कोणाची काढली? म्हातारीची? म्हातारी घाबरली का? तुमचा हात धरला का? हात गार होता का? एकेक शब्द चिमट्याने काढावा लागायचा. आणि मी शिकवत असताना लोण्याचे कान माझ्याकडेच असायचे, म्हणून पुढे मी फोन कानाला लावून नुसता गप्प बसू लागलो. माझा श्वाससुद्धा ऐकू जाऊ नये म्हणून फोनवर तळहात धरायचो.

एका संध्याकाळी ती म्हातारीवरून आपल्या बहिणीवर आली. दोघी बहिणी, लहानपणी एका खोलीत. बहीण बोलायची, ही ऐकायची. शाळेतल्या बाईंनी काही विचारलं तरी उत्तर बहीण द्यायची. मग वडिलांच्या घरावरून दोघींचं बिनसलं आणि बहिणीने बोलणं टाकलं. "तेव्हापासून घरात कोणी बोलतच नाही बघ," ती लोण्याला म्हणाली. "मी दिवे लावते आणि झोपते. तुला आणलं ते कशाला, तेही मी कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलं नाही." ती सांगत राहिली. तिचा आवाज मध्येच ओला झाला, तरी ती थांबली नाही. आणि मग एकदम, "काका! अहो काका, उभा आहे! मघापासून उभा आहे!"

मला कळेना आनंदाने ओरडावं की काय करावं. मी ओरडलो नाही, कारण मी ओरडलो असतो तर तो हलला असता.

दुसऱ्या दिवशी मीच तिला सांगितलं, "आता फोन नको. माझा आवाज त्याच्या कानांतून जाऊ दे."

"आणि प्रदर्शनाला?"

"येत नाही. मी तोंड उघडलं तर तो मान फिरवणार. मान फिरली की पाय हलतो, पाय हलला की परीक्षक पुढे जातो."

"या हो. न बोलता बसा."

"मी? न बोलता?" आणि आम्ही दोघं हसलो. मग तिने फोन ठेवला.

प्रदर्शनाच्या दिवशी मी गेलो. न्हाव्याला, गवतवाल्याला, सगळ्यांना सांगून झालं होतं की मी जाणार नाही, आणि तरी पहाटेच उठून मी गाडीला घोड्याचा ट्रेलर जोडला. आत कोरडा पेंढा पसरला. पाण्याची बादली ठेवली. समजा तो हललाच, तर त्याला तिथून कोण आणणार, असं मी मोठ्याने म्हणालो. ऐकायला कोणी नव्हतं, त्यामुळे खोटं बोलून उपयोग नव्हता. मला तो परत हवा होता. डाग लागलेला चालला असता, जगाने नाक मुरडलेलं चाललं असतं. वजनाने घेणाऱ्यांना मी फाटकाच्या आत पाऊल टाकू दिलं नसतं. पण माझ्यानंतर? मी काही त्याच्याइतका जगणार नव्हतो.

गुडघ्यांमुळे मला वर चढवेना, म्हणून मी अगदी खालच्या बाकावर, रिंगणाच्या फाटकाजवळ बसलो. शेजारी एक आजी येऊन टेकल्या. हातात चहाचा थर्मास, अंगात लोकरी स्वेटर, आणि चेहऱ्यावरूनच कळत होतं की यांना बोलायला कोणीतरी हवंय. मी असे चेहरे लांबून ओळखतो. रोज आरशात एक बघतो.

घोडे आत आले. लोण्या चौथा की पाचवा. अंग नुसतं चमकत होतं. डॉक्टरबाईने त्याला माझ्यापासून हाकेच्या अंतरावर उभा केला आणि त्याच्या नाकासमोर उभी राहून ती हळू आवाजात काहीतरी सांगू लागली. मला शब्द ऐकू येत नव्हते. ओठ हलताना दिसत होते.

"तुमचं कोण आहे आत?" आजींनी विचारलं.

मी मान हलवली. धड हो नाही, धड नाही नाही.

"तो तांबूस किती देखणा आहे, नाही? कोणी वाढवला असेल हो?"

बघा आता. आयुष्यभर मी लोकांच्या मागे लागून घोड्याच्या गोष्टी सांगितल्या, आणि आज एक बाई आपण होऊन विचारत होती. मी नुसतं "मी" म्हणालो असतो तरी पुरलं असतं. अंगणात तो माझी बारीकशी कुजबुजही ओळखायचा. आजींना सगळी हकीकत सांगता आली असती, आणि संध्याकाळी लोण्या ट्रेलरमध्ये असता. उद्या सकाळी बादली न्यायला जागा असती. हे सगळं माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं.

मी रुमाल काढून तोंडावर दाबला.

"दाढ दुखतेय का?" आजी कळवळल्या. मी मान डोलावली. "अहो, ती घोडा धरलेली बाई दातांचीच डॉक्टर आहे म्हणे! आटोपलं की दाखवून घ्या." मी पुन्हा मान डोलावली. माझे डोळे भरून आले होते, ते दाढेच्या खाती जमा झाले.

परीक्षक लोण्यापाशी आला. पुढून बघितलं, बाजूने बघितलं, मागे गेला. खाली बसून गुडघे बघितले. इतका वेळ लावला की मला वाटलं, हा माणूस मुद्दाम करतोय. शेजारच्या घोड्याने पाय आपटला. कोणाचं तरी पोर रडलं. लोण्या उभा होता. चौरस, मान पुढे. आजी मला थर्मासच्या झाकणातून चहा देत होत्या, "गरम गरम घ्या, बरं वाटेल," म्हणत होत्या, आणि मला साधं "नको" म्हणता येत नव्हतं. मी हात जोडले. त्यांनी मागच्या बाकावरच्या बाईला हळूच सांगितलं, "बोलता येत नाही वाटतं बिचाऱ्यांना."

लोण्या तिसरा आला. पहिल्याच खेपेला तिसरा म्हणजे थोडं नाही. पण मला नंबराचं काय करायचंय? तो उभा राहिला होता आणि सौदा पक्का झाला होता.

घोडे बाहेर निघाले. बाहेरची वाट माझ्या बाकाजवळून जात होती, म्हणून लोण्या माझ्याकडेच येत होता. दोरी ढिली, डॉक्टरबाई त्याच्या मानेशी मान लावून चाललेली, आणि तोंड चालूच. काम संपलं होतं, तरी ती सांगत होती. आता बोललो तर कोणाचं काही बिघडणार नव्हतं. मी रुमाल खाली घेतला. तो हात लांब केला तर लागेल इतका जवळ आला.

"लोण्या," मी म्हणालो.

मोठ्याने म्हणालो. स्पष्ट म्हणालो. त्याचे दोन्ही कान तिच्याकडे होते. ती त्याला सांगत होती की आता घरी गेल्यावर ती बहिणीला फोन करणार आहे, आणि बहिणीने उचलला नाही तरी उद्या पुन्हा करणार आहे, आणि हे ऐकत ऐकत तो माझ्यासमोरून निघून गेला. तिने मला बघितलं नाही. तो मला विसरला असेल असं मला वाटत नाही, घोडा माणसाला एवढ्यात विसरत नाही. तो ऐकत होता, एवढंच. मी सांगायचो तेव्हाही तो असाच दुसऱ्या कोणाकडे बघायचा नाही.

"अगंबाई!" शेजारून आजी म्हणाल्या. "म्हणजे तुम्हाला बोलता येतं!"

"येतं," मी म्हणालो.

"मग मघापासून मी विचारतेय तर...?" त्या खऱ्याच दुखावल्या होत्या. त्यांनी झाकण थर्मासवर घट्ट बसवलं, स्वेटर सावरला आणि उठल्या. त्यांना सगळं सांगायला हवं होतं. नुसतं "थांबा" म्हटलं असतं तरी त्या थांबल्या असत्या, त्यांनाही घरी जायची घाई दिसत नव्हती. पण सुरुवात कुठून करावी हेच मला सुचेना, आणि तोवर त्या पायऱ्या चढून वर जाऊन बसल्या.